सत्तावीस सेकंदांचा षड्ज

सेकंद ०

तो षड्ज आता कुठेही गाठायचा. विमानतळावर सामानाची वाट बघताना, दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासलेला असताना, झोप लावून देणाऱ्या उशीतून, आणि विद्युतदाहिनीचं दार बंद होताना. पंडित मुकुंदराज तासगावकरांनी २००९ साली सांगलीच्या मैफलीत, भैरवीच्या अखेरीला लावलेला तार षड्ज. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, आणि एका दमात सत्तावीस सेकंद. त्यावर तीन जणांनी पीएचडी केली होती. एकाने त्यात योगसाधना शोधली, दुसऱ्याने विश्वाची आदिम कंपनं. तिसऱ्याने काय शोधलं ते मार्गदर्शकालाही कळलं नव्हतं, म्हणून त्याला पदवी लवकर मिळाली.

तो सूर कानावर आला की लोक डोळे मिटायचे. कालिंदी गुळवणी ओठ मिटायची, हसू बाहेर पडू नये म्हणून.

कारण सहाव्या सेकंदानंतर तो षड्ज बुवांचा नव्हताच. तिचा होता.

गायकाच्या मागे दोन शिष्य तंबोरे घेऊन बसतात. बघणाऱ्यांना वाटतं, तारा छेडायला बसलेत. खरं काम वेगळं असतं. म्हाताऱ्या गुरूचा श्वास ऐन जागी संपला, तर पुढचा सूर मागच्यांनी उचलून धरायचा, आणि तो इतका बेमालूम की शेजारच्या तबलजीलाही पत्ता लागू नये. नंतर तोंडातून त्याबद्दल अक्षर काढायचं नाही. सेवा ती. बोलून दाखवली की गेली.

कालिंदीने बत्तीस वर्षं अक्षर काढलं नव्हतं. लोक तिला साधी म्हणायचे, निरिच्छ म्हणायचे. तीही म्हणू द्यायची. पण न बोलण्यातसुद्धा माज करता येतो, आणि तिने तो मनसोक्त केला होता. सभेत कुणी ‘बुवांचा तो दैवी षड्ज’ म्हणत गहिवरला की ती मागच्या रांगेत बसून मनातल्या मनात म्हणायची, रड, गाढवा, रड. माझ्या नावाने रडतोयस.

सेकंद ३

दुसरा तंबोरा बुवांच्या मुलाकडे होता.

बुवांनी हौसेने त्याला हिंडोल रागाचं नाव दिलं, तेव्हा त्याचा गळा ऐकायचा बाकी होता. चौदाव्या वर्षी त्याला समोर बसवलं, सा लावायला सांगितला, आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला: “याच्या गळ्यात सूर नाही, उंदीर आहे.” तेव्हापासून हिंडोलला मागे बसून तारा छेडायची परवानगी होती. तोंड उघडायची नव्हती. शाळेत पोरं त्याला झोपाळा म्हणायची, घरात तर कुणी काहीच म्हणायचं नाही.

कालिंदी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. पंधराव्या वर्षी ती बुवांकडे राहायला आली आणि बुवांचं मत तिने जेवणासारखं वाढून घेतलं. हिंडोल गुणगुणला की ती तंबोऱ्याची तार मुद्दाम जोरात छेडायची.

आता तो एकसष्ट वर्षांचा होता आणि तासगावात बुवांच्या नावाचं प्रतिष्ठान चालवायचा. काचेच्या कपाटात बुवांचा चष्मा, बुवांची काठी, बुवांचा पानाचा डबा. दारात फलक: ‘कृपया शांतता राखा’. आत माणूस नसायचं. शांतता आपोआप राहायची. उशीवाल्यांना तो षड्ज वापरू दिला तो यानेच. बापाचा सूर विकणारा बेसूर, असं कालिंदी म्हणायची. हे मात्र ती मोठ्याने म्हणायची.

सेकंद ५

मग वैद्य आला.

सरकारी नाव ‘कंठ-वाद्य सहभाग निश्चिती यंत्रणा’. लोकांनी त्याला वैद्य म्हटलं, कारण तो नाडी बघायचा.

कितीही तयारीचा गळा असो, लांबवलेला सूर अगदी स्थिर कधीच नसतो. दर ठोक्याला हृदय रक्त ढकलतं, ते रक्त गळ्यातल्या पडद्यांपर्यंत पोहोचतं, पडदे किंचित फुगतात, आणि सूर केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा हलतो. कानाला ते कळत नाही. वैद्याला कळायचं. म्हणजे प्रत्येक लांब सुरात गाणाऱ्याची नाडी कोरलेली असते. कुणाचा ठोका कितीने हलवतो, ठोक्यानंतर किती वेळाने हलवतो, गळ्याची नळी किती लांब, टाळू किती खोल, हे सगळं मिळून जी खूण होते ती दुसऱ्या कुणाची नसते. वय वाढलं तरी ती ओळखता येते, जशी माणसाची चाल लांबून ओळखू येते. दहा जण एका पट्टीत, एका सुरात गात असले, तरी वैद्य दहा नाड्या सुट्या करून टेबलावर मांडायचा.

त्यातून सहभाग कायदा झाला. ध्वनिमुद्रणात ज्याचा जेवढा गळा, जेवढा हात, तेवढं त्याचं नाव आणि तेवढा त्याचा हक्क. कागदावर इतका न्याय्य कायदा क्वचितच झाला असेल. मग माणसं कामाला लागली. जयसिंगपूरच्या एका रसिकाने चाळीस मैफलींमधल्या स्वतःच्या ‘क्या बात है’वर दावा लावला आणि जिंकला. एका घराण्याच्या तीन पिढ्यांची कीर्ती ज्या तानेवर उभी होती, ती तान घरातल्या स्वयंपाकीणबाईंची निघाली. गायकांनी मागे शिष्य बसवायचे सोडून तंबोऱ्याचं यंत्र बसवलं. ज्यांनी शिष्य ठेवले, त्यांनी शिष्यत्वाचा गंडा बांधायच्या आधी संमतीपत्र लिहून घ्यायला सुरुवात केली: ‘मी गुरूंच्या मागे गुणगुणणार नाही. गुणगुणल्यास ते माझे समजू नये.’

कालिंदीने हे सगळं पाहिलं आणि सगळ्यांना सारखंच क्षुद्र ठरवलं. मग एक दिवस तिलाही नोटीस आली. प्रतिष्ठानाने तो षड्ज संपूर्णपणे बुवांचा म्हणून नोंदवायला अर्ज केला होता. त्या दिवशी मंचावर असलेल्या प्रत्येक हयात माणसाने गळ्याचा नमुना आणि निवेदन द्यायचं होतं. गप्प राहिल्यास ‘सहभाग नाही’ असं समजलं जाईल.

गप्प राहण्याचा अर्थ आता सरकार ठरवणार होतं. तिने मनाची समजूत घातली, मी कुठे सांगतेय, यंत्रच सांगणार आहे. खरं कारण एवढंच की तिला हिंडोलचं तोंड बघायचं होतं.

नमुना ७: निवेदन

*प्रश्न १. सदर ध्वनिमुद्रणाच्या वेळी आपण कोणत्या नात्याने हजर होता?*
शिष्या. तंबोऱ्यावर.

*प्रश्न २. आपण कंठध्वनी उत्पन्न केला काय?*
उत्पन्न गव्हाचं करतात. मी सूर लावला.

*प्रश्न ३. केव्हापासून केव्हापर्यंत?*
सहाव्या सेकंदापासून शेवटपर्यंत.

*प्रश्न ४. या विधानास पुष्टी देणारी परिस्थिती असल्यास लिहा.*
बुवांची पट्टी काळी एक. त्यांचा तार षड्ज पुरुषाला कडा चढून जाण्यासारखा, बाईच्या गळ्याला घरचा ओटा. पंचवीस वर्षं मागे बसून माझा आवाज बुवांच्या आवाजात असा मुरला होता की कुणालाच सांधा दिसला नाही. दुसऱ्या दिवशी बुवांनी स्वतःचा तंबोरा मला दिला. मुलाला नाही.

*प्रश्न ५. अन्य काही.*
मुलाला विचारायची गरज नाही.

तिने पंचवीस लिहिलं. खरी एकोणीस होती.

सेकंद ६

कोल्हापूरचं कार्यालय एका बंद पडलेल्या सिनेमागृहात होतं. टेबलामागे अन्वी मगदूम नावाची मुलगी बसली होती, सव्वीस-सत्तावीसची. एका हाताशी कळफलक, दुसऱ्या हाताशी भडंग.

“आज्जी, बसा की. चहा सांगू?”

“आज्जी कुणाची? तुझी?”

“बरं, मॅडम बसा.” अन्वीने हात पुसले. “दावेदार तुम्हीच, म्हणून अहवाल आधी तुम्हाला दाखवायचा. पटला तर या पांढऱ्या कागदावर सही. नाही पटला तर हा पिवळा, आक्षेपाचा. पिवळा भरला की कोर्ट.”

“किती दिवस?”

“दिवस? मॅडम, सोळा वर्षं धरून चाला. तोवर जगाच्या लेखी सूर बुवांचाच. अहवाल कुणालाच दिसत नाही.”

“पिवळा लागणार नाही,” कालिंदी म्हणाली. “उघड तुझं यंत्र.”

पडद्यावर तीन पट्टे आले. कालिंदीला दोनच अपेक्षित होते.

“हा वरचा बुवांचा,” अन्वी म्हणाली. “ठोके मिनिटाला ब्याण्णव. सहाव्या सेकंदाला संपला, बघा. मधला तुमचा. चौऱ्याहत्तर ठोके, एकदम निवांत. सहा ते दहा.”

“दहा?”

“दहा. चार सेकंद.”

“आणि पुढे?”

“पुढे हा तिसरा. दहापासून सत्तावीसपर्यंत सगळा हाच. ठोके बघा की, एकशे एकेचाळीस! मला आधी वाटलं, कुणीतरी पळत पळत गातंय.”

कालिंदीने नाव वाचलं. हिंडोल मुकुंदराज तासगावकर. जुळणी नव्व्याण्णव टक्के.

“यंत्र बिघडलंय तुझं,” ती शांतपणे म्हणाली. “त्याच्या गळ्यात उंदीर आहे.”

“उंदीर असता तर तोही दिसला असता, मॅडम.” अन्वीने एक कागद पुढे सरकवला. “गंमत अशी की ते स्वतःच नाही म्हणतायत. त्यांचं निवेदन वाचा.”

हिंडोलच्या नमुना सातवर एकच ओळ होती. ‘मी गायलो नाही. मला मनाई होती.’

“बघ! तोच म्हणतोय.”

“माणसं काय, काहीही म्हणतात ओ.” अन्वीने मधला पट्टा सुटा केला. “ऐका, हा फक्त तुमचा.”

चौतीस वर्षांच्या बाईचा स्वच्छ षड्ज आला. एक, दोन, तीन, चार. मग श्वास आत ओढल्याचा लहानसा आवाज. मग काहीच नाही. त्या काहीच नसण्यातून तिचा स्वतःचा तंबोरा तेवढा झंकारत राहिला. वाटी पडली की घरंगळत राहते, तसा.

“आणि हा आकडा सुराच्या चुकीचा,” अन्वीने बोट ठेवलं. “पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग करायचे. बुवा चार भाग उतरले होते. तुम्ही दोन भाग चढला होता. हे तिसरे, अर्धा भागसुद्धा नाही. आमच्या कार्यालयात एवढा सरळ सूर आजपर्यंत आला नव्हता. आम्ही सगळ्यांनी उभं राहून ऐकला.”

सेकंद १०

मिरजेला घरी परतेपर्यंत तिने स्वतःशी भांडून पाहिलं, आणि हरली.

बुवांचा सूर अचानक तुटला तेव्हा ती अर्ध्या श्वासावर होती. अर्ध्या श्वासात चार सेकंदच होतात. हे ती पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवायची. डोळे मिटलेले, कान तंबोऱ्याच्या दांडीला लागलेला, चार तारांच्या जवारीचा झंकार डोक्यात घुमतोय, तोंड उघडं. सूर चालू होता. म्हणजे तोच आपण लावतोय, असं तिला वाटलं. समोरच्या स्पीकरमधून येणारा आवाज हुबेहूब बुवांचा होता, आणि आपला गळा गुरूच्या गळ्यात विरला म्हणून तिचे डोळे भरून आले होते. गळा बुवांचा होता, कारण तो बुवांच्या पोराचा होता. त्यात तपश्चर्या नव्हती. नाक बापासारखं असतं, तसा गळा होता.

शिवाय तिला ठाऊक होतं. ठाऊक असायला हवं होतं. त्या मैफलीनंतर दहा वर्षं रोज पहाटे घड्याळ समोर ठेवून तिने तो श्वास पुन्हा शोधला होता. बारा सेकंद. तेरा. एकदा चौदा. एकवीस कधीच नाही. त्यावर तिने एक सिद्धान्त रचला होता, की असा सूर आयुष्यात एकदाच येतो, ती कृपा असते. शिष्यांना ती हा सिद्धान्त सांगायची आणि शिष्य वहीत उतरवून घ्यायचे. गाढवं! तिला पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल दया आली, आणि दया करणं तिला आणखीच हलकट वाटलं.

दोन्ही कागद पिशवीत होते. पिवळ्यावर सही केली की झालं. सोळा वर्षांत ती ब्याऐंशीची झाली असती किंवा नसती. सूर जगाच्या लेखी बुवांचा आणि तिच्या लेखी तिचा राहिला असता. हिंडोलने तर आधीच नाही म्हटलं होतं. चोरी म्हणावी तर मालकच हात वर करून उभा.

सकाळी तिने लाल गवसणीतला बुवांचा तंबोरा खांद्याला लावला आणि तासगावची गाडी धरली.

“मावशी, भोपळ्याचं अर्धं तिकीट होतंय,” कंडक्टर म्हणाला.

“पूर्ण दे,” कालिंदी म्हणाली. “त्याला माझ्यापेक्षा जास्त सूर आहे.”

सेकंद १७

हिंडोल कपाटाच्या काचा पुसत होता. तिला बघून त्याने फडकं खांद्यावर टाकलं, बशीत बेदाणे आणून ठेवले आणि उभाच राहिला. तिच्यासमोर तो नेहमी उभा राहायचा.

“बस खाली,” ती म्हणाली. “तू गायलास.”

तो बसला. बेदाणे तिच्याकडे सरकवले.

“हिंडोल, मी विचारत नाहीये. तुझी नाडी सापडली. एकशे एकेचाळीस.”

“एवढीच?” तो म्हणाला. “मला वाटलं होतं, छाती फुटणार.”

“तुला माहीत होतं?”

“ताई, माझं तोंड मी उघडलं होतं. मला माहीत असणार नाही का?” त्याने एक बेदाणा उचलला आणि परत ठेवला. “बाबा तुटले, तू धरलंस. मग तूही थांबलीस. मी वाट बघितली. पाव सेकंद असेल. वाटलं, आता पडणार सूर, एवढ्या लोकांत बाबा मान खाली घालणार. मग झालं ते.”

“आणि बत्तीस वर्षं गप्प बसलास. मला वाटायचं गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.”

“मनाई होती ना.”

“मनाई! बुवांनी मला तंबोरा दिला तेव्हा तिथेच उभा होतास. गवसणी तूच बांधून दिलीस. तेव्हा का नाही बोललास, मूर्खा?”

हिंडोल हसला. त्याचे दात तंबाखूने गेले होते. गळाही गेला असावा. बोलताना घरघर यायची.

“काय बोलू? मागच्या खोलीत कपडे बदलताना बाबा स्वतःशीच म्हणत होते, आज पोरीने लाज राखली, काय लागला! मी पहिल्यांदाच त्यांना एवढं खूश बघितलं. मी लावला म्हटलं असतं तर त्यांना तो आठवून आठवून बेसूर लागला असता.” मग काचेतल्या चष्म्याकडे बघत म्हणाला, “आणि तुलासुद्धा.”

कालिंदीने तोंड उघडलं, पण त्यातून काही आलं नाही. तिला ते ओळखीचं वाटलं.

“उशीवाल्यांना का दिलास मग?” तिने विचारलं.

“त्यामुळे मीही ऐकतो की रोज,” हिंडोल म्हणाला. “कुणी विचारत नाही का ऐकतोस म्हणून. उशीच आहे.”

सेकंद २७

“लाव,” ती म्हणाली.

त्याने कोपऱ्यातल्या स्पीकरच्या डब्याला हात लावला. खोलीत सांगलीचं नाट्यगृह उभं राहिलं, खोकला, तबल्याची थाप, आणि मग तो. सहा सेकंद बुवा. चार सेकंद ती. आता तिला सांधा स्वच्छ दिसत होता. मग दहावं सेकंद आलं. हा सूर तिने हजारो वेळा ऐकला होता. त्याच्यावर जगली होती, त्याच्या जोरावर दोन लग्नं नाकारली होती, सगळ्या गावाला तुच्छ लेखलं होतं.

तो किंचित उतरलेला होता.

तिने मान हलवली. “परत लाव.”

पुन्हा दहावं सेकंद. पुन्हा तेच. उतरलेला, आणि काठाला जरा खरखरीत. अगदी हिंडोलसारखा. एवढी वर्षं कसा कळला नाही?

तिने पिशवीतून अहवाल काढला, चष्मा लावला आणि आकडा पुन्हा वाचला. अर्धा भागसुद्धा नाही. कागद सांगत होता, यापेक्षा सरळ सूर माणसाच्या गळ्यातून येत नाही. कान सांगत होता, उंदीर. कान एक्कावन्न वर्षांच्या तयारीचा होता, बुवांनी घडवलेला.

आक्षेपाच्या पिवळ्या कागदावर कारणासाठी चार ओळी सोडलेल्या होत्या. ‘सूर उतरलेला आहे’ असं लिहिलं असतं, तर या तालुक्यात तिच्या कानावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

“उतरलाय ना?” हिंडोलने विचारलं. त्याने ते अगदी सहज विचारलं, बाहेर ऊन आहे ना, असं विचारावं तसं.

कालिंदीने पांढरा कागद बेदाण्यांच्या बशीशेजारी पसरला आणि सही केली. तारखेच्या जागी तारीख घातली. पिवळा कागद चार घड्या करून तंबोऱ्याच्या भोपळ्याखाली टेकू म्हणून सरकवला, कारण फरशी तिरकी होती. तंबोरा हिंडोलच्या बाजूला उभा राहिला.

“हो,” ती म्हणाली. “उतरलाय.”

त्याने मान डोलावली आणि फडकं हातात घेतलं.

“फडकं ठेव ते. माझा कान नीट होईपर्यंत मी इथून उठणार नाही. जेवायला काय आहे?”

“आमटी-भात.”

“चालेल. परत लाव.”